सन रा आणि त्याचा आर्केस्ट्रा : पुन्हा निघालेल्या तबकड्या, नवी ध्वनिमुद्रणं, आणि ऐकायची सुरुवात कुठून करावी

तीव्र_मध्यम

गेले पंधरा दिवस एकच रचना तीन वेगवेगळ्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत ऐकतोय. त्यावरूनच हा धागा काढावासा वाटला.

रचनेचं नाव 'क्वीअर नोशन्स', रचनाकार सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स. पहिलं ध्वनिमुद्रण १९३३ चं, फ्लेचर हेंडरसनच्या बँडचं. दुसरं १९८० चं, स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊ गावी झालेल्या मैफलीतलं. वाजवणारे अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि बँडप्रमुख सन रा आणि त्याचा आर्केस्ट्रा. तिसरंही याच आर्केस्ट्राचं, पण २०२० च्या 'स्वर्लिंग' या अल्बममधलं. तोवर सन राला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती.

सन राचं नाव निघालं की चकाकते झगे, शनी ग्रहावरून आल्याचा दावा आणि कानठळ्या बसवणारे सिंथेसायझर एवढंच सांगितलं जातं. त्यामुळे अर्धे लोक त्याच्या वाटेलाच जात नाहीत. मला मनापासून वाटतं की त्याच्या घरात स्विंगच्या, म्हणजे मोठ्या बँडांच्या नाचत्या जॅझच्या, दारानं शिरावं. तो मुळात स्विंगचाच माणूस. २२ मे १९१४ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये जन्म, नाव हर्मन ब्लाउंट. लहानपणी गावात येणारे मोठे बँड ऐकून वाढला. पुढे शिकागोला आला आणि १९४६-४७ मध्ये क्लब डेलिसात खुद्द हेंडरसनच्या बँडमध्ये पियानो वाजवला, त्याच्यासाठी वाद्यमेळही लिहिला. हेंडरसन म्हणजे ज्याच्या लिखाणावर बेनी गुडमनच्या बँडची कीर्ती उभी राहिली तो. म्हणजे आपल्या भाषेत, तालीम थेट घराण्याच्या मूळ पुरुषाकडे झालेली.

आता 'क्वीअर नोशन्स'कडे या. यात पूर्णस्वरी सप्तक वापरलंय. खरं तर सप्तक म्हणायला नको, सूर सहाच आहेत. सा, शुद्ध रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही. प्रत्येक पावलाचं अंतर सारखं. पेटीवर वाजवून बघा, सूर कुठे टेकायलाच तयार होत नाही. आणि हे १९३३ साली, लोकांना नाचवणाऱ्या बँडमध्ये! मला जे सांगायचंय ते इथेच आहे. सन रानं स्विंग मोडून प्रयोग केले असं नाही. स्विंगच्या पोटात जो प्रयोग आधीपासून होता तो त्यानं ऐकला, आणि चाळीस वर्षं तोच वाढवत नेला.

विलिसाऊच्या मैफलीची तबकडी 'सनराइज इन डिफरंट डायमेन्शन्स' नावानं निघाली. तिच्यात 'किंग पोर्टर स्टॉम्प', 'याह मॅन', 'बिग जॉन्स स्पेशल' ही हेंडरसनच्या बँडची जुनी हत्यारं येतात आणि त्यांच्याच शेजारी पार अवकाशात गेलेलं सामूहिक उत्स्फूर्त वादनही येतं. दोन्हीकडे माणसं तीच, श्वासही तोच.

ज्यांनी ऐकलंय त्यांनी लिहा. ज्यांनी अर्ध्यात सोडलंय त्यांनी तर आवर्जून लिहा.

जुनी_तबकडी

मी अर्ध्यात सोडणाऱ्यांपैकी. कॉलेजात एका मित्रानं 'द मॅजिक सिटी' लावली होती. जवळजवळ अख्खी एक बाजू एकच सलग तुकडा, सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांचा. मला काही धरायलाच सापडलं नाही. त्यानंतर वीस वर्षं हात लावला नाही.

आता तुमचा धागा वाचून पुन्हा शोधायला घेतलं तर सालांचाच गोंधळ उडाला. एकाच तबकडीवर एक गाणं १९५६ चं वाटतं आणि दुसरं भलत्याच काळातलं. एकाच नावाची चार मुखपृष्ठं. अल्बम किती आहेत तेही कळेना. हे सगळं कुणी तरी उलगडून सांगेल का?

तीव्र_मध्यम

तबकडीदादा, हा गोंधळ तुमचा नाही, तो मूळ तबकड्यांतच आहे.

सन रा आणि त्याचा सहकारी ॲल्टन अब्राहम यांनी १९५० च्या दशकात शिकागोत 'सॅटर्न' नावाची स्वतःचीच कंपनी काढली. एवढ्या लवकर स्वतःचं संगीत स्वतः छापून विकणारे कृष्णवर्णीय जॅझवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पैसे असतील तेव्हा छापायचं, कधी कधी शंभराच्या आतच प्रती. मुखपृष्ठं बँडमधले लोक हातानं रंगवायचे, म्हणून तर एकाच तबकडीची चार तोंडं. विक्री मैफलीच्या ठिकाणी. ध्वनिमुद्रण आणि छपाई यांत पाच-सात वर्षं सहज जायची. 'एंजल्स अँड डीमन्स ॲट प्ले' १९६५ मध्ये निघाली, पण तिची एक बाजू १९६० ची आणि दुसरी १९५६ ची. 'कॉस्मिक टोन्स फॉर मेंटल थेरपी' १९६३ ची, निघाली १९६७ मध्ये.

यानं झालं काय? जगाला हा माणूस चुकीच्या क्रमानं भेटला. १९६५-६६ मध्ये न्यूयॉर्कचा फ्री जॅझ (चाल-लयीच्या ठरलेल्या चौकटी सोडलेला मोकळा जॅझ) जोरात असताना यांच्या तबकड्या हाती आल्या, म्हणून लोकांना वाटलं की हे त्या लाटेबरोबर आले. तारखा लावून ऐकलं की दिसतं, ही मंडळी कितीतरी आधी तिथे पोचलेली होती.

म्हणून मला पुनर्प्रकाशनं इतकी मोलाची वाटतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'एव्हिडन्स' या कंपनीनं सॅटर्नच्या तबकड्या सीडीवर आणल्या, बहुतेक दोन-दोन एकत्र, आणि कुठला तुकडा कुठल्या सालचा ते छापलं. पुढे २०१४ मध्ये जन्मशताब्दीच्या निमित्तानं मूळ टेपांवरून साफ केलेली बरीच ध्वनिमुद्रणं डिजिटल रूपात आली. स्ट्रट कंपनीनं त्याच वर्षी आर्केस्ट्रातला जुना सॅक्सोफोनवादक मार्शल ॲलननं स्वतः निवडलेला 'इन द ऑर्बिट ऑफ रा' हा संच काढला. नवख्या माणसाला मी तोच देतो.

'मॅजिक सिटी' मात्र पहिली ऐकायची नाही. ती सहाव्या-सातव्या खेपेला.

बँडवाल्यांचा_नातू

वाचनखूण साठवली. आजोबा लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे, मी ट्रंपेट शिकतोय, म्हणून ट्रंपेटच्या बाजूनं थोडं.

१९३३ च्या 'क्वीअर नोशन्स'मध्ये हॉकिन्सइतकंच हेन्री 'रेड' ॲलनच्या ट्रंपेटकडे लक्ष द्या. वर सांगितलेले सहा सूर ट्रंपेटवर धरून वाजवायला घेतले की बोटं सतत जुन्या सवयीनं पंचमाकडे पळतात. मला ती चार आवर्तनं नीट यायला आठवडा लागला. रोज पाऊण तास, तेही अगदी संथ लयीत. तो माणूस ते चालत्या नाचात, गाण्यासारखं वाजवतो.

आपल्या कानाला हा बँडचा आवाज परका नाही, हेही सांगावंसं वाटतं. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफर्ड पियानो वाजवत होता, आणि तो शिकागोत एर्स्किन टेटच्या बँडमध्ये लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवून आलेला. त्या काळच्या मुंबईतून चिक चॉकलेटसारखे गोव्याचे ट्रंपेटवाले घडले आणि तेच पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात बसले. 'अलबेला'तली ब्रास ऐका. एका बाजूनं सॅक्सोफोनांनी विचारायचं, दुसऱ्या बाजूनं ट्रंपेटांनी उत्तर द्यायचं, ही सवाल-जवाबाची मांडणी हेंडरसनच्या बँडनं रुळवलेली. अण्णांची गाणी ऐकून वाढलेल्या माणसाला 'किंग पोर्टर स्टॉम्प' पहिल्याच फेरीत ओळखीचं वाटेल.

साधा_श्रोता

चर्चा छान चालली आहे. एक शंका, राग मानू नका. 'मी शनीवरून आलोय' हे सगळं कशासाठी? संगीत एवढं भक्कम असेल तर त्याला या वेषाची गरज काय? मला ते श्रोत्याचं लक्ष वेधून घ्यायचं साधन वाटतं, आणि त्यामुळेच मी लांब राहिलो.

तीव्र_मध्यम

राग कसला? मलाही आधी तसंच वाटायचं. मग तो कुठे वाढला ते वाचलं.

बर्मिंगहॅम हे वंशभेदाच्या कायद्यांनी चिरलेलं शहर. रेल्वे स्टेशनसमोर मोठी पाटी होती, 'मॅजिक सिटी'. जादूचं शहर! हा मुलगा त्या स्टेशनच्या आसपासच वाढला. शाळेत हुशार, पण गोऱ्यांच्या वाचनालयात पाय ठेवायची सोय नाही. १९४२ मध्ये सैन्यात बोलावणं आलं तेव्हा सदसद्विवेकबुद्धीला स्मरून नकार दिला. त्यासाठी तुरुंग पाहिला, मग पेनसिल्व्हेनियातल्या नागरी सेवेच्या छावणीत गेला. १९५२ मध्ये कायदेशीर नाव बदलून घेतलं. ब्लाउंट हे आडनाव गुलामीच्या काळातून आलेलं, ते त्याला आपलं वाटत नव्हतं.

अशा माणसानं 'मी इथला नाहीच' म्हणणं मला तरी खेळ वाटत नाही. जिथे माणूस म्हणून जागा नाही तिथे त्यानं स्वतःसाठी दुसरं जग मांडलं आणि दहा-वीस वादकांना बरोबर घेऊन ते आयुष्यभर जगला. बँडच्या नावातही ते आहे. 'आर्केस्ट्रा'च्या सुरुवातीला 'रा' उलटा आणि शेवटी सुलटा. रा म्हणजे इजिप्तचा सूर्यदेव. १९७१ मध्ये हा सगळा जथा इजिप्तला जाऊन वाजवूनही आला.

आणि 'मॅजिक सिटी' हे नाव त्यानं त्या पाटीवरून घेतलं, हे कळल्यावर ती सत्तावीस मिनिटं मी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली.

साधा_श्रोता

पाटीची गोष्ट माहीत नव्हती. पुन्हा ऐकतो. धन्यवाद.

फिलीतली_मावशी

मी फिलाडेल्फियात एकोणीस वर्षं राहते. एरवी इथे नुसती वाचून जाते, पण हा धागा बघून राहवलं नाही.

जर्मनटाउन भागात मॉर्टन स्ट्रीटवर यांचं घर आहे. दोन घरांमध्ये एक भिंत, असल्या जुन्या रांगेतलं, साधंसं. १९६८ मध्ये न्यूयॉर्क सोडून मंडळी इथे आली. घर मार्शल ॲलनच्या वडिलांचं. सन रा, टेनर सॅक्सोफोनवाले जॉन गिलमोर, मार्शल आणि बाकीचे एकाच छपराखाली राहायचे आणि रियाज कुठल्याही वेळी, तासन्‌तास. आपल्याकडच्या गुरुगृही राहून शिकण्याशिवाय मला दुसरी उपमा सुचत नाही. २०२२ मध्ये शहरानं त्या वास्तूला ऐतिहासिक वारशाच्या यादीत घेतलं. गल्लीतून जाताना मी अजूनही पावलं हळू करते.

मार्शल ॲलन यांना मी तीनदा प्रत्यक्ष ऐकलंय. जन्म २५ मे १९२४, लुईव्हिल, केंटकी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, नंतर पॅरिसला शिकले, १९५८ मध्ये सन राकडे आले. सन रा १९९३ मध्ये गेले, गिलमोर १९९५ मध्ये, आणि तेव्हापासून धुरा मार्शलकडे. मी शेवटचं ऐकलं तेव्हा ते पंचाण्णवच्या पुढचे होते. लाल चमकीची टोपी, खुर्चीवर बसलेले. ऑल्टो सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि उजव्या हाताचा पंजा सॅक्सच्या चाव्यांवरून असा फिरवला, जणू सतारीच्या तारा छेडतायत. त्यातून जो आवाज निघाला तो चिरत वर गेला, आणि लगेच पुढच्या मात्रेला सगळा बँड गुळगुळीत स्विंगमध्ये उतरला. माझ्या शेजारच्या आजी खुर्चीतल्या खुर्चीत नाचत होत्या. तीव्र_मध्यम जे म्हणतायत की दोन्हीकडे श्वास तोच, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

बँडवाल्यांचा_नातू

मावशी, काय लिहिलंय! नव्या अल्बमांबद्दलही सांगा ना. 'स्वर्लिंग'नंतर काय काय आलं?

फिलीतली_मावशी

सांगते की. 'स्वर्लिंग' २०२० चा, वीसेक वर्षांतला यांचा पहिला नवा स्टुडिओ अल्बम. त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. बहुतेक रचना सन राच्याच, पण शीर्षकाची 'स्वर्लिंग' मार्शल यांची, आणि ती इतकी शुद्ध स्विंग आहे की १९४० सालच्या नाचघरातही चालली असती. गायिका तारा मिडलटन. पूर्वी हे काम जून टायसन करायच्या, त्या १९९२ मध्ये गेल्या. तारा त्यांची नक्कल करत नाहीत, म्हणून मला आवडतात.

मग २०२२ मध्ये 'लिव्हिंग स्काय'. यात गाणं अजिबात नाही, नुसता वाद्यमेळ. शोपँच्या संगीतावर बेतलेला एक तुकडा आहे आणि डिस्नेच्या सिनेमातलं 'व्हेन यू विश अपॉन अ स्टार'सुद्धा आहे. सन राला डिस्नेची गाणी फार आवडायची, १९८० च्या दशकाअखेरीस त्यानं ती मैफलींतून भरपूर वाजवली. हा अल्बम रात्री दिवे मालवून ऐकायचा. माझ्या मते नव्यांतला सगळ्यात सखोल हाच.

२०२४ मध्ये मार्शल शंभर वर्षांचे झाले आणि त्याच वर्षी 'लाइट्स ऑन अ सॅटेलाइट' आला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत 'न्यू डॉन', मार्शल यांचा स्वतःच्या नावावरचा पहिला एकल अल्बम. शंभरी ओलांडल्यावर पहिला! शीर्षकगीत नेने चेरी गाते. अल्बममध्ये मार्शल ओरडून काही सिद्ध करायला जात नाहीत. सॅक्सचा सूर थोडा कापरा आहे आणि तसाच ठेवलाय.

जुनी_तबकडी

'लाइट्स ऑन अ सॅटेलाइट'वरून एक सावधगिरीची सूचना, कारण मी नुकताच फसलोय. मावशींचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री एका ऑनलाइन विक्रेत्याकडे (नाव घेत नाही) तबकडी मागवली. शिपिंग आणि कस्टम्स धरून खिसा बराच हलका झाला. पार्सल उघडलं तर आतला बँड १९७८ चा! विक्रेत्यानं पानावर फोटो नव्या अल्बमचा लावला होता आणि पाठवलं दुसरंच. परत घ्यायलाही तयार नाही, म्हणतो नाव तर तेच आहे.

तीव्र_मध्यम

वाईट वाटलं. विक्रेत्यानं चूक केलीच, पण नावाचा घोळ खरा आहे. २०२४ मध्ये या नावाची दोन प्रकाशनं आली. एक मार्शलच्या आर्केस्ट्राचं नवं. दुसरं 'लाइव्ह ॲट द लेफ्ट बँक', रेझोनन्स कंपनीनं काढलेलं, म्हणजे १९७८ च्या बाल्टिमोरमधल्या मैफलीचं पूर्वी न निघालेलं ध्वनिमुद्रण. मूळ रचना त्याहूनही जुनी, १९६० च्या सुमाराची. 'स्वर्लिंग'च्या सुरुवातीच्या तुकड्यातही ती आहे. मागवताना नुसतं नाव बघू नका, साल आणि कंपनी बघा.

पण दादा, जे हातात आलंय ते परत करू नका. त्यात सन रा स्वतः आहे, गिलमोर आहे, जून टायसन आहे. गिलमोरचा टेनर सॅक्सोफोन ऐकून जॉन कोल्ट्रेनसारख्या नामवंत सॅक्सोफोनवादकानं धडे घेतले होते. असा माणूस स्वतःचा बँड काढायच्या फंदात न पडता जवळपास चाळीस वर्षं याच बँडमध्ये राहिला.

१९७८ आवडलं तर त्याच वर्षाची 'लँक्विडिटी' ऐका. जुलैमध्ये न्यूयॉर्कला एका रात्रीत मुद्रित केलेली, मऊ, संथ, फंककडे झुकणारी. २०२१ मध्ये तिची मोठी आवृत्ती निघाली, पर्यायी मिक्ससकट (त्याच ध्वनिमुद्रणातल्या आवाजांची वेगळी जुळवणी). पुनर्प्रकाशन कसं करावं याचा तो नमुना आहे: मूळ तबकडी जशीच्या तशी आधी, आणि जास्तीचं सगळं वेगळं. काही कंपन्या जास्तीचे तुकडे मधेच घुसवतात, त्यानं तबकडीची चाल मोडते. बाजू संपली, उठलो, तबकडी उलटली, ही शांतता त्या संगीतात धरलेली असते.

बँडवाल्यांचा_नातू

'कॉस्मिक टोन्स'मधला तो घुमणारा आवाज कसा काढलाय? १९६३ साली एवढी यंत्रणा होती?

तीव्र_मध्यम

यंत्रणा कसली, एक टेपरेकॉर्डर. ढोलवादक टॉमी हंटर रेकॉर्डरची चाचणी घेत होता. त्यानं हेडफोनचं औटपुट त्याच यंत्राच्या इनपुटला जोडलं आणि आवाज स्वतःवरच परतून घुमायला लागला. त्याला वाटलं आता सन रा चिडणार. सन राला ते फार आवडलं, आणि मग तालमीतल्या साध्या ध्वनिमुद्रणावर सगळीकडे ते वापरलं. जमैकातल्या डब संगीतातली असली प्रतिध्वनीची जादू यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

मात्र पुनर्प्रकाशन घेताना इथे जपा. हा घुमारा टेपवरच आहे. आवाज 'स्वच्छ' करण्याच्या नादात जास्त चाळणी लावली की त्याची शेपूट कापली जाते. मूळ टेपवरून केलेलं आहे की जुन्या तबकडीवर सुई ठेवून उतरवलंय, ते बघून घ्या.

जुनी_तबकडी

चार दिवसांनी लिहितोय. बाल्टिमोरची तबकडी ठेवून घेतली. पण आधी तुम्ही म्हणालात तसं स्विंगच्या दारानं शिरायला 'जॅझ इन सिल्हूट' लावली, १९५९ ची.

वडील बाजूला वर्तमानपत्र वाचत बसले होते. वय ब्याऐंशी, तरुणपणी गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेलं. जॅझ त्यांनी कधी मुद्दाम ऐकलेला नाही. पहिलीच रचना, 'एन्लाइटनमेंट'. सुरुवातीला लक्ष नव्हतं. मग मध्येच वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, "अरे, चाल बदलली. आता चा-चा-चा झालाय." थोड्या वेळानं, "आता मार्च." बोटं गुडघ्यावर चालू. संपल्यावर म्हणाले, "लिहिणाऱ्यानं बँडमध्ये बसून लिहिलंय हे, बाहेर बसून नाही. पुन्हा लाव."

तीनदा लावली. ते विचारतायत, ट्रंपेट कोणाचा?

तीव्र_मध्यम

होबार्ट डॉटसनचा. काकांना सांगा, त्यांनी बरोबर ओळखलं: ही रचना त्यानं आणि सन रानं मिळून केलेली आहे, आणि डॉटसन ट्रंपेट घेऊन बँडमध्येच बसला होता. त्याच बाजूला पुढे 'एन्शंट एथिओपिया' आहे, नऊ मिनिटांची. तिच्यात बासऱ्या येतात. काकांना तीही ऐकवा आणि काय म्हणाले ते कळवा.